बिऱ्हाड घोड्यावर, कॉलेज कुठल्या गावी?

हॉस्टेलच्या ॲडमिशन फॉर्मवर एक रकाना असतो, 'कायमचा पत्ता'. आपण तो अर्ध्या मिनिटात भरून टाकतो. घर क्रमांक, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड. पण ज्यांचा मुक्काम दर तीन-चार दिवसांनी हलतो त्यांच्या मुलांनी या रकान्यात काय लिहायचं? आणि अशी मुलं इंजिनिअरिंग, मेडिकल, ॲग्रीकल्चर अशा शिक्षणापर्यंत पोचतात तरी कशी? या प्रश्नाचा अभ्यास म्हणून हा लेख.

विषय कसा सुचला ते आधी सांगते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे प्रेअरमध्ये 'शेफर्ड' हा शब्द नेहमी यायचा. नाताळच्या देखाव्यात गोठ्याजवळ मेंढ्या असायच्या आणि हातात काठी घेतलेला मेंढपाळही असायचा. पण दहा वर्षांत मेंढपाळाचं मूल माझ्या वर्गात एकही नव्हतं. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी कॅपच्या याद्यांमध्ये 'एनटी-२' असा एक गट दिसला. सीनियर्सना विचारलं, तेव्हा कळलं की हा गट म्हणजे भटक्या जमाती 'क', अर्थात धनगर समाज. मग लायब्ररीत शोधाशोध सुरू केली. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आपल्या दारातले भटके

दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की घाटावरून मेंढरांचे कळप कोकणात उतरू लागतात. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या कोरड्या, माळरानाच्या भागातले हे मेंढपाळ. पुढे मेंढरं, मागे घोडी, घोड्यावर सगळं बिऱ्हाड. भांडीकुंडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघर म्हणजे जाळी, कोंबड्या आणि कधी एखादं लहान मूलसुद्धा! चार-सहा कुटुंबं मिळून एकत्र चालतात, त्याला 'वाडा' म्हणतात. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवली की लेंडीखत फुकट शेतात पडतं. त्याबद्दल शेतकरी पैसे किंवा धान्य देतो. मृग लागायच्या आत मात्र हे लोक घाट चढून परत जातात, कारण दख्खनी जातीच्या मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, खूर सडतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने पायावर.

दुसरे आपल्याच जिल्ह्यातले गवळी धनगर. यांच्याकडे मेंढ्या नाहीत, म्हशी आणि गाई. खेड, चिपळूण, संगमेश्वरच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारावर त्यांचे धनगरवाडे आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी १९८२ साली या समाजाच्या पर्यावरणाशी असलेल्या नात्यावर शोधनिबंध लिहिला, तो या विषयात आजही महत्त्वाचा मानला जातो. चराईची जंगलं कमी झाली, तसे यातले बरेच लोक मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे गेले. हे लोक दरवर्षी स्थलांतर करत नाहीत, पण वाडा डोंगरावर आणि हायस्कूल पायथ्याला, त्यामुळे मुलांची पायपीट ठरलेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. सगळेच धनगर मेंढपाळ नाहीत. बहुतेक जण आज शेती, नोकरी, धंदा करतात. हा लेख त्यांच्यातल्या अजूनही कळपामागे चालणाऱ्या कुटुंबांविषयी आहे.

शाळा कुठे सुटते?

शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. वाड्याचा प्रवास ऑक्टोबर ते मे. दोन्ही वेळापत्रकं समोरासमोर आदळतात. मूल वाड्याबरोबर गेलं तर शाळा बुडते, आणि शाळेत ठेवायचं तर आई-बाप सुटतात. म्हणून बरीच कुटुंबं मुलांना गावी आजी-आजोबांपाशी ठेवतात. चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत हे जमतं. पण हायस्कूल दुसऱ्या गावात, ज्युनिअर कॉलेज तालुक्याला, डिप्लोमा-डिग्री जिल्ह्याला किंवा त्याहून लांब. आपल्याला प्रत्येक पायरीवर एक एन्ट्रन्स द्यावी लागते. त्यांना प्रत्येक पायरीवर राहायला एक नवं छप्पर शोधावं लागतं.

मुलींचं तर आणखी कठीण. वाड्यावर भाकऱ्या थापायला, कोकरं सांभाळायला, धाकट्या भावंडांकडे बघायला हात लागतात आणि ते बहुतेक वेळा मुलीचेच असतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली आला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहंही सुरू झाली. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. उच्च शिक्षणाचा रस्ता त्यानंतर सुरू होतो, आणि नेमका तिथेच खड्डा आहे.

मेंढपाळांचा एक अख्खा देश

आपल्याकडे मेंढपाळ म्हणजे समाजाचा एक छोटा भाग. पण देशाचा देशच मेंढपाळांचा असेल तर? म्हणून मी मंगोलियाबद्दल वाचलं. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट, लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख आणि जनावरं सहा-सात कोटी! मेंढ्या, बकऱ्या, गाई-याक, घोडे, उंट. आजही तिथे साधारण तीन लाख लोक कळपांवर जगतात आणि 'गेर' नावाच्या लोकरीच्या गोल तंबूत राहतात.

शंभर वर्षांपूर्वी या देशात शिक्षण म्हणजे मुख्यतः बौद्ध मठ. १९२१ च्या क्रांतीनंतर नव्या पद्धतीच्या शाळा निघाल्या. १९४२ साली राजधानी उलानबातरमध्ये पहिलं विद्यापीठ उघडलं. त्यात सुरुवातीला फक्त तीन विभाग होते. शिक्षक तयार करणं, वैद्यकशास्त्र आणि पशुवैद्यक. मला ही यादी फार आवडली. माणसं शिकवणारा, माणसं बरी करणारा आणि जनावरं बरी करणारा. देशाला ज्याची गरज, तेच आधी! पशुवैद्यक आणि शेतीची शाखा १९५८ मध्ये वेगळी झाली आणि पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट १९६९ मध्ये स्वतंत्र झाली. तीच आज तिथली सायन्स अँड टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटी.

पण विद्यापीठ उघडलं म्हणून गवताळ माळावरचं पोर आपोआप त्यात येत नाही. त्यासाठी मंगोलियाने आपल्या तालुक्यासारख्या प्रत्येक लहान केंद्रात शाळा बांधली आणि शाळेला जोडून वसतिगृह बांधलं. आई-बाप कळपामागे फिरत राहिले आणि मुलं सप्टेंबर ते जून वसतिगृहात राहून शिकली. दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ सगळा देश साक्षर झाला आणि कळपावरचं पोर डॉक्टर-इंजिनिअर होणं ही नवलाची गोष्ट राहिली नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९० नंतर सोव्हिएत मदत बंद झाली, सरकारकडे पैसा उरला नाही. कळप खासगी झाले आणि कळप सांभाळायला घरातली माणसं लागू लागली. वसतिगृहं बंद पडू लागली किंवा थंडीत ऊब देण्याएवढंही इंधन मिळेना. काही वर्षं तर पालकांना मुलाच्या जेवणासाठी मांस आणून द्यावं लागे. ही अट २००० साली काढून टाकली. त्या दशकात शाळा सोडणाऱ्यांत मुलगे जास्त होते, कारण त्यांना कळपाकडे ठेवून घेतलं आणि मुलींना शिकायला पाठवलं. परिणाम असा, की पुढे तिथल्या विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त झाली. आपल्याकडच्या नेमकं उलट!

विद्यापीठाची फीसुद्धा १९९३ पासून लागू झाली. मेंढपाळ ती जनावरं आणि काश्मिरी लोकर विकून भरतो. पण 'झुद' म्हणजे भयंकर हिवाळा आला की कळपच मरतो. २००९-१० च्या झुदमध्ये देशातली साधारण पाचवा हिस्सा जनावरं गेली. कळप गेला की फी गेली आणि फी गेली की कॉलेज गेलं. आपल्याकडे दुष्काळ पडला की हेच होतं, फक्त तिथे बर्फ असतो.

आधी वसतिगृह, मग विद्यापीठ

मंगोलियाचं वाचताना माझ्या लक्षात आलं की हे तर आपल्याकडेही झालेलं आहे, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं आहे.

धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, घाट चढून. तिथे गेल्यावर 'वय लहान दिसतं' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे याच माणसाने १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला, तो नंतर पुण्याजवळ हिंगण्याला नेला. म्हणजे आधी राहायची, जेवायची सोय. त्या कामातूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एसएनडीटी.

दुसरं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामं करायची. बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण त्याचा अर्थ कधी नीट विचारात घेत नाही. पैसे फळा-खडूला कमी पडत नव्हते. ते धान्याला कमी पडत होते! बोर्डिंगनंतर तेवीस वर्षांनी, १९४७ मध्ये, साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' योजना तिथून महाराष्ट्रभर गेली. आज साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचं विद्यापीठही आहे.

उलानबातर, हिंगणे, सातारा. तिन्ही ठिकाणी सारखंच दिसतं. ज्यांच्या घराजवळ शाळा नाही त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाची पहिली इमारत लेक्चर हॉल नसते, वसतिगृह असते. माझ्या या सगळ्या वाचनाचं सार एवढंच आहे.

फी माफ, पण मेस?

आता आजची स्थिती बघू. महाराष्ट्रात भटक्या जमाती 'क' गटाला साडेतीन टक्के आरक्षण आहे. (अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी हा वेगळा विषय आहे, त्यात मी जात नाही.) व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी या गटाला उत्पन्नाच्या अटीवर सरकार भरून देतं. कागदावर सगळं छान आहे. मग अडतं कुठे?

पहिली अडचण कागदांची. जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयर आणि सगळ्यात महत्त्वाची व्हॅलिडिटी. विमुक्त-भटक्या गटांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्याआधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. सहसा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला काढतात. पण आजोबा शाळेतच गेले नसतील तर? आयुष्यभर माळावर चाललेल्या माणसाची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये शोधायची? शिक्षणात सवलत मिळवण्यासाठी आधीच्या पिढ्या शिकलेल्या असल्या तर सोपं जातं, असा हा अजब प्रकार आहे.

दुसरी अडचण राहण्या-जेवण्याची. फी माफ होते, मेस माफ होत नाही. इथे अलीकडे काही चांगले निर्णय झाले आहेत. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास गटांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ७२ वसतिगृहं सुरू करायचं सरकारने ठरवलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आली. त्यात शहर पाहून वर्षाला साधारण ३८ ते ६० हजार रुपये राहण्या-जेवणासाठी मिळतात. पण हे ज्याच्यासाठी आहे तो माळावर असतो आणि अर्ज ऑनलाइन!

२०२५ च्या एप्रिलमध्ये एक बातमी सगळीकडे झळकली होती. कागल तालुक्यातल्या यमगे गावचे बिरदेव डोणे यूपीएससीत देशात ५५१ वे आले. निकाल कळला तेव्हा ते मेंढरांमागे होते. सिव्हिल इंजिनिअरिंग त्यांनी पुण्याच्या सीओईपीमधून केलं होतं. फोटो बघून मलाही आनंद झाला. पण नंतर वाटलं, कलेक्टरचा मुलगा यूपीएससी पास झाला तर पहिल्या पानावर येत नाही. मेंढपाळाचा मुलगा आला, कारण असं क्वचित घडतं. ज्या दिवशी ही बातमी राहणार नाही त्या दिवशी काम झालं असं म्हणता येईल.

विद्यापीठाने कळपाकडेही जावं

उच्च शिक्षण म्हणजे मुलाला माळावरून उचलून शहरात आणणं एवढंच नाही. ज्ञान उलट्या दिशेनेही जायला हवं. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', ही १९६८ पासून काम करते आहे. बंगालच्या सुंदरबन भागातली गरोळे नावाची छोटी मेंढी बऱ्याचदा जुळी देते, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक असतं. शास्त्रज्ञांनी ते जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. तेवढ्याच मेंढ्यांपासून जास्त कोकरं! चराई कमी होत असताना याचं मोल मेंढपाळालाच कळेल. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेही मेंढपाळांच्याच मुलखात.

आणि आपण? आपल्याकडे फायनल इयरचे प्रोजेक्ट दरवर्षी तेच तेच असतात. दख्खनी लोकरीला हल्ली भाव नाही, कातरणीचा खर्चही निघत नाही. तिचं इन्सुलेशन करता येईल का? घोड्यावर मावेल अशी हलकी वाघर, बिबट्या-लांडगा आला तर वाजणारा सोलर अलार्म, मोबाईल चार्ज करायची सोय. हे आपल्या सिलॅबसच्या बाहेरचं नाही.

सड्यावरची भेट

गेल्या डिसेंबरात आमचा ग्रुप सड्यावर फिरायला गेला होता. तिथे एका वाड्याचा मुक्काम होता. कोकरांना दूध पाजणाऱ्या एका मावशींनीच आम्हाला हाक मारली.

"काय गं पोरी, कॉलिजात हाईस व्हय?"

"हो मावशी. इंजिनिअरिंगला."

"माझं थोरलं पोरगं धावीला हाय. गावाकडं आज्जीपाशी असतंय. मास्तर म्हनत्यात, डिप्लोमाला घाला."

"मग घालाल ना?"

"घालायचं हाय की. पन तुमच्या हॉस्टेलात जेवान कसलं देत्यात? पोटभर असतंय का?"

मी म्हटलं, असतं. मग त्यांनी विचारलं, "आन सुट्टी लागली की हॉस्टेल बंद करत्यात म्हनं. मग त्यानं यायचं कुठं? आमी आज हितं, परवा पल्याड."

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शेजारी बसलेले काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पैशाचं न्हाय एवढं. आठ-धा मेंढरं इकू. पन दरसाल इकत गेलो तर तीन वर्सात कळप ऱ्हाईल का, ताई?"

फी, कट-ऑफ, प्लेसमेंट याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जेवण, सुट्टीतली जागा आणि कळप. मला वाटतं, या विषयावरचा कुठलाही रिपोर्ट या तीन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा.

आपल्या हातात काय आहे?

मंगोलियासारखी सरकारी यंत्रणा आपल्या हातात नाही. पण हॉस्टेलमध्ये राहणारे आपण आणि आपला स्टाफ मिळून काही गोष्टी नक्की करू शकतो.

१. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत हॉस्टेलची एक विंग तरी चालू ठेवावी. ज्यांचं घर त्या वेळी चालत असतं त्यांना तिथे राहता येईल. मेस बंद असली तर स्वयंपाकापुरती एक शेगडी पुरे.

२. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' याच्याखाली 'सध्याचा मुक्काम व संपर्काचा मोबाईल' असा एक रकाना वाढवावा. खर्च शून्य.

३. मेसचं ॲडव्हान्स अशा मुलांकडून हप्त्याने घ्यावं. मेंढरं पावसाळ्याच्या तोंडावर घाईत विकली तर भाव पडतो. वेळ मिळाला तर कळप वाचतो.

४. दाखले, व्हॅलिडिटी, आधार योजना यांचे अर्ज भरायला मदत करणारा विद्यार्थ्यांचा एक गट असावा. आपण सगळे हे फॉर्म एकदा तरी भरून गेलो आहोत. तो अनुभव फुकट का घालवायचा?

५. एनएसएसच्या मुलांनी नोव्हेंबर ते एप्रिल आसपासच्या वाड्यांवर जाऊन दहावी-बारावीला असलेल्या मुलांची नावं घ्यावीत आणि व्हॅलिडिटीचे कागद आतापासूनच गोळा करायला सांगावं. ॲडमिशनच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाहीत.

सड्यावरच्या मावशींचा मोबाईल नंबर आम्ही घेतला आहे. त्यांचा मुलगा मार्चमध्ये दहावीला बसेल. निकाल लागेल तोवर वाडा घाट चढून गावी पोचलेला असेल आणि पॉलिटेक्निकचे फॉर्म सुरू झालेले असतील. हाताशी फार दिवस नाहीत. त्याच्या पणजोबांची गावच्या जुन्या दप्तरात कुठे नोंद सापडते का, ते बघायला आम्ही तिघी-चौघी सुट्टीत जाणार आहोत. ज्यांना मोडी वाचता येते किंवा ज्यांनी व्हॅलिडिटीची फाईल स्वतः केली आहे, अशा कुणीही, विद्यार्थी असो वा स्टाफ, मराठी विभागाच्या संपादकांकडे आपलं नाव द्यावं, ही विनंती.